माशांच्या पोटातले जंत: एकदा औषध घालून का भागत नाही

गोव्यातल्या साखळी गावच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी १५० लिटरची टाकी, तीत सहा एंजल आणि वीस-पंचवीस गप्पी. महिनाभर दोन एंजल दाणा तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात. त्यांची पोटं खपाटीला गेली आहेत, मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते. गेल्या आठवड्यात एका गप्पी मादीच्या गुदद्वारातून दोन-तीन लाल धागे बाहेर आलेले दिसले. मासा स्थिर राहिला की धागे बाहेर, पोहू लागला की आत. दुकानदाराने खडेमीठ आणि निळं औषध दिलं, दहा दिवस झाले, फरक शून्य. टाकीतलं बदललेलं पाणी ते कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पाटात सोडतात, पाट खालच्या तळ्याला मिळतो, तळ्यात रोहू-कटला आहेत आणि ते घरात खाल्ले जातात. ते खावेत की नाही? आणि मुलगी विचारते, सगळे मासे काढून टाकायचे का?

नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरात त्याचीच काळजी असणार. सगळे मासे काढायची गरज नाही. हा आजार बरा होतो. पण एका दिवसात होत नाही.

मी फोंडा तालुक्यात, घरामागच्या मांगरात (शेडमध्ये) गेली २३ वर्षं शोभेच्या माशांची पैदास करते. मुख्यतः एंजल, गप्पी आणि मॉली. मी पशुवैद्य नाही. पण विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली कशी पाहायची ते एका पशुवैद्यांकडे बसून शिकले आणि त्या एका गोष्टीने माझे जितके मासे वाचले तितके कुठल्या बाटलीने वाचले नाहीत.

तुम्ही विचारलंय "कुठलं औषध?" त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: पोटात नक्की कोण आहे, आणि ते पुन्हा पुन्हा पोटात जातं कुठून. मीठ आणि मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, या वस्तू वाईट नाहीत. त्या माशाच्या अंगावर, कल्ल्यांवर आणि अंड्यांवर बसणाऱ्या काही रोगांवर चालतात. आतड्याच्या भिंतीला धरून बसलेल्या जंताला पाण्यातल्या मिठाचं काहीच होत नाही. उलट दहा दिवस मिठाच्या पाण्यात राहिलेला उपाशी मासा आणखी थकतो. तेव्हा आधी अर्धं पाणी बदला, दोन दिवसांनी पुन्हा अर्धं बदला, आणि मग पुढे जाऊ.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळी दुखणी दिसतात. गप्पीचं दुखणं मी इथे बसून नव्वद टक्के खात्रीने सांगू शकते. लाल, केसासारखे, एकापेक्षा जास्त आणि मासा थांबला की बाहेर डोकावणारे धागे म्हणजे कॅमालॅनस नावाचा गोलकृमी. एंजलचं तसं नाही. पांढरी लोंबती विष्ठा पाहिली की लोक "जंत" म्हणून मोकळे होतात. पण मासा चार दिवस उपाशी असला तरी विष्ठा पांढरीच येते, कारण आतड्यात अन्न नसलं की नुसता चिकट स्राव बाहेर पडतो. एंजलमध्ये ती कॅपिलॅरिया या बारीक गोलकृमीमुळे येऊ शकते, स्पायरोन्यूक्लिअस नावाच्या एकपेशीय जीवामुळे येऊ शकते किंवा गप्पीतला कॅमालॅनसच त्यांच्याही पोटात गेलेला असू शकतो. पहिल्या आणि तिसऱ्यावर जंताचं औषध चालतं, स्पायरोन्यूक्लिअसवर त्याचा उपयोग नाही.

कॅमालॅनसबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याची रीत कळली की औषधाचं वेळापत्रक आपोआप कळतं.

माझ्या धंद्याच्या चौथ्या वर्षी बाहेरून आलेली गप्प्यांची एक खेप मी चार दिवस वेगळी ठेवून जुन्या टाक्यांत मिसळली. मासे देखणे होते, खात होते. दीड महिन्याने एक भरलेली मादी मेली. तिला पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून नखं कापायच्या बारीक कात्रीने पोट उघडलं. आतड्याच्या शेवटच्या भागात सहा लाल जंत होते, कुंकवाच्या पाण्यात बुडवलेल्या शिवणाच्या दोऱ्यासारखे. एकाला चिमट्याने ओढलं तर आतडं बरोबर ताणलं गेलं, त्याने धरलेलं सोडलंच नाही. शेवटी सुटला तिथे रक्ताचा ठिपका उमटला. मग तो काचपट्टीवर पाहिला. डोक्याकडे नारिंगी-तपकिरी रंगाची कुपी, दोन शिंपल्या समोरासमोर ठेवाव्यात तशी, तिच्यावर उभ्या रेघा. त्या कुपीने तो आतड्याची भिंत धरतो आणि रक्त पितो. लाल रंग त्या रक्ताचाच. त्या खेपेपायी मी तीन टाक्या रिकाम्या केल्या. आज तसं करणार नाही, पण तेव्हा मला एवढंच माहीत होतं.

या जंताची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते. तुम्हाला बाहेर डोकावताना दिसतात त्या बहुतेक पिल्लांनी भरलेल्या माद्या. म्हणजे धागे दिसले त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो, तो बरेच आठवडे जुना असतो आणि टाकीच्या तळाशी पिल्लं पडू लागलेली असतात. निसर्गात ही पिल्लं सायक्लॉप्स खातो. सायक्लॉप्स म्हणजे तळ्याच्या पाण्यात टुणटुण उड्या मारणारा, टाचणीच्या टोकाएवढा जीव. सायक्लॉप्सला मासा खातो आणि जंत माशात पोचतो. टाकीत मात्र या जातीला सायक्लॉप्सवाचूनही चालतं. तळाला वळवळणारं पिल्लू माशाने सरळ टिपलं तरी ते आतड्यात जाऊन वाढतं. म्हणूनच ज्यांच्या टाकीत जिवंत खाद्य कधीच गेलं नाही तिथेही हा जंत एका गप्पीबरोबर येतो आणि सगळ्यांत पसरतो.

आपल्या जुन्या माणसांना सायक्लॉप्स नावाने नसला तरी करणीने ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांत नारू व्हायचा तो याच जीवामुळे. विहिरीचं न गाळलेलं पाणी प्यायलं की सायक्लॉप्स पोटात, आणि त्याच्यातला नारू अंगात. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. तेही मुख्यतः पाणी फडक्यातून गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, कारण नारूवर औषध नव्हतंच. नारू आणि कॅमालॅनस हे शास्त्राच्या हिशेबात एकाच गणातले, चुलत भावंडं म्हणा. मला हे कळलं तेव्हा टाकीकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. औषध माशाच्या पोटातल्या जंतासाठी, आणि तळ साफ करणं उद्या पोटात जाणाऱ्या जंतासाठी. दोन्ही सारख्याच जोराने करायला लागतं.

आता गप्प्यांचा उपाय. माझं पहिलं औषध लेव्हामिसोल. शेळ्या, गुरं आणि कोंबड्यांच्या जंतावर हे वर्षानुवर्षं वापरलं जातं, जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळतं. मी हेच निवडते, कारण ते पाण्यात चांगलं विरघळतं. ज्या माशाने खाणं सोडलंय त्यालाही ते पोचतं. घरातली माणसांची जंताची गोळी कुटून टाकीत टाकणारे पुष्कळ पाहिलेत. त्या गटातली औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पांढरी पूड खडीत जाऊन बसते आणि माशाच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. गुरांसाठीच्या बऱ्याच पातळ औषधांत लेव्हामिसोलबरोबर ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेलं असतं. ते टाकीत घालू नका. लेबलवर फक्त लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड लिहिलेली पूड मागा, आणि तिच्यात ते किती टक्के आहे ते वाचा.

मात्रा: एका लिटरला २ मिलिग्रॅम शुद्ध लेव्हामिसोल. इथे हिशेब चुकतो तो पाण्याच्या मापाचा. तुमची टाकी १५० लिटरची म्हणून विकलेली. खडी, लाकूड आणि वरची चार बोटं मोकळी जागा वजा केली तर आत १२५ लिटरच्या आसपास पाणी असणार. एकदा बादलीने मोजून भरा, म्हणजे कायमचं कळेल. १२५ लिटरला २५० मिलिग्रॅम औषध लागेल. पूड ३० टक्क्यांची असेल तर साधारण ०.८३ ग्रॅम पूड. एवढं बारीक वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होत नाही. मी सुरुवातीला सोनाराकडे जाऊन तोलून आणायचे, नंतर सोपा मार्ग सापडला. १० ग्रॅम पूड तोलून एक लिटर पाण्यात विरघळवायची. ३० टक्क्यांच्या पुडीचं हे पाणी म्हणजे दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम औषध. तुमच्या टाकीला त्यातलं ८३ मिलिलिटर, इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने मोजून. उरलेलं साठवू नका, दर वेळी ताजं करा. तुमची पूड वेगळ्या टक्क्यांची असेल तर हा आकडा बदलेल. नवख्याने हा हिशेब एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्यावा असंच मी सांगेन.

औषधाच्या आदल्या दिवशी खडीतली घाण सायफनने, म्हणजे पाणी ओढायच्या नळीने, नीट ओढून काढा. नळीला तोंड लावून पाणी ओढू नका, आजारी टाकीचं तर मुळीच नाही. कोळशाचं पाकीट फिल्टरमधून काढा, नाहीतर औषध तोच शोषेल. साधा स्पंज राहू द्या. औषध संध्याकाळी घाला, लाइट बंद, टाकीवर जुनी चादर, कारण उजेडात हे औषध निकामी होत जातं. हवेचा पंप जोरात ठेवा. चोवीस तास काही खायला घालू नका.

बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच लाल धागे गळून तळाला पडलेले दिसतात. इथेच सगळे फसतात. लेव्हामिसोल जंताला लुळं करतं. लुळ्या जंताची पकड सुटते आणि मासा त्याला बाहेर टाकतो. पण तो लगेच मेलेला असतोच असं नाही, आणि तळाला पडलेला जंत दुसऱ्या माशाला खाऊच वाटतो. म्हणून चोवीस तास झाले की टॉर्च घेऊन खडीचा बोटभर बोटभर भाग सायफनने ओढायचा आणि निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. नळाचं पाणी वापरत असाल तर आधी त्यातला क्लोरीन घालवून घ्या. मग कोळसा परत लावा. पुढचा आठवडाभर एक दिवसाआड तळ ओढत राहा. खडी तीन-चार बोटं जाड असेल तर या काळापुरती ती काढून नुसत्या काचेच्या तळावर मासे ठेवलेले बरे. मी तेच करते. दिसायला ओकंबोकं दिसतं, पण काय पडलंय ते लगेच कळतं.

एकविसाव्या दिवशी हेच सगळं पुन्हा. पहिल्या औषधाच्या वेळी जी पिल्लं माशाच्या पोटाबाहेर होती, खडीत किंवा एखाद्या सायक्लॉप्सच्या पोटात, त्यांतली काही त्या चोवीस तासांत वाचलेली असतात. ती नंतर माशाच्या पोटात जातात. त्या जंतांना वाढायला वेळ मिळाला, पण नवी पिल्लं सोडायला मिळाला नाही, अशा बेताने दुसरा डोस बसला पाहिजे. गोव्यात टाकीचं पाणी वर्षभर कोमट असतं, पावसाळ्यातही फार उतरत नाही, आणि कोमट पाण्यात जंत लवकर वाढतात. म्हणून मी तीन आठवड्यांच्या पुढे कधी ढकलत नाही. दुसऱ्या डोसनंतरही कुणाच्या मागे लाल दिसलं, तर आणखी तीन आठवड्यांनी तिसरा. "एकदा औषध घातलं, महिन्याने पुन्हा आलं, औषध खोटं आहे" असे निरोप मला सतत येतात. विचारलं की कळतं, दुसरा डोस दिलेला नसतो किंवा मात्रा भीतीने अर्धी घातलेली असते. अर्ध्या मात्रेत चिवट जंत तेवढे मागे उरतात आणि पुढच्या वेळी पूर्ण मात्राही कमी पडते.

आता एंजल. इथे मी तुम्हाला एक काम सांगणार आहे, कंटाळा करू नका. ज्या एंजलला पांढरी विष्ठा होते त्याला एका स्वच्छ बादलीत किंवा छोट्या काचेच्या टाकीत, त्याच टाकीच्या पाण्यात एकटा ठेवा. विष्ठा पडली की ती ड्रॉपरने उचला आणि तास-दोन तासांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. घरी सूक्ष्मदर्शक नसणार. जवळच्या उच्च माध्यमिक शाळेत जीवशास्त्राची प्रयोगशाळा असतेच. नीट विचारलंत तर शिक्षक आनंदाने दाखवतात, मुलांनाही बघायला मिळतं. काचपट्टीवर एक थेंब पाणी, त्यात विष्ठेचा टाचणीएवढा कण, वर कव्हरस्लिप. शंभर पटीला लिंबासारखी लांबट अंडी दिसली, दोन्ही टोकांना बुचं बसवल्यासारखी, तर तो कॅपिलॅरिया. वळवळणारी बारीक पिल्लं दिसली तर कॅमालॅनस. चारशे पटीला सैरावैरा धावणारे ठिपके गर्दीने दिसले तर स्पायरोन्यूक्लिअसचा संशय घ्यायचा. यातलं काहीच नसेल तर दुसरी विष्ठा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

कॅपिलॅरिया निघाला तर लेव्हामिसोलही चालतं, पण मासा थोडाफार खात असेल तर मी फेनबेंडाझोल खाद्यातून देते. शंभर ग्रॅम खाद्याला २५० मिलिग्रॅम. माशाने रोज आपल्या वजनाच्या एक टक्का खाल्लं तर किलोमागे २५ मिलिग्रॅम पोटात जातं. तीन दिवस द्यायचं, आणि दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. ती फुटून पिल्लं बाहेर यायची वाट बघावी लागते. खाद्य मी घरीच बनवते. कोळंबी आणि वाटाणा वाटून घेते, चायना ग्रास उकळून कोमट झाला की त्यात वाटण आणि औषध घालून ढवळते, ताटलीत थापते, गार झालं की बारीक चौकोन कापून फ्रीजमध्ये. चायना ग्रासमुळे औषध पाण्यात सुटून जात नाही. टाकीत शोभेच्या गोगलगायी असतील तर आधी दुसरीकडे हलवा, काही जाती या औषधाने मरतात. कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्यांत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्या वापरू नका.

स्पायरोन्यूक्लिअस असेल तर मेट्रोनिडाझोल लागतं. त्याची मात्रा आणि दिवस पशुवैद्याकडूनच घ्या. आणि हे औषध तळ्याच्या आसपासही नेऊ नका. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना या गटाची औषधं द्यायला आपल्याकडे बंदी आहे.

विष्ठा तीनदा पाहून काहीच मिळालं नाही आणि मासा खात असूनही सुकत चालला, तर माशांचा क्षय असू शकतो. त्याला घरगुती इलाज नाही आणि हाताला जखम असताना त्या टाकीत हात घातला तर आपल्या त्वचेलाही त्रास होतो. त्यामुळे खात्री होईपर्यंत हातमोजे घाला. मुलगी टाकी साफ करत असेल तर तिलाही.

पट्टकृमींचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण तळं असलेल्याला माहीत हवा. ते चपटे, पांढरे, फितीसारखे, आणि त्यांच्यावर लेव्हामिसोलचा भरवसा धरता येत नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. उलट प्राझिक्वांटेलने गोलकृमी मरत नाहीत. "जंताचं औषध घातलं तरी गेलं नाही" यामागे निम्म्या वेळा ही अदलाबदल असते.

जंत आले कुठून, हे तुम्ही विचारलं नाहीत. मी मात्र विचारेन: गेल्या तीन महिन्यांत नवीन मासा आणला होता का? गप्पीबरोबर हा जंत जगभर गेलाय. जपानमध्ये १९२७ साली त्याची नोंद झाली, आणि पुढे हवाई बेटांवर सोडलेल्या गप्प्यांतून तो तिथल्या ओढ्यांतल्या मूळच्या माशांतही शिरला. दुसरं, जिवंत खाद्य. दुकानातला ट्युबिफेक्स, म्हणजे चिखलातले बारीक लाल किडे, कुठल्या गटारातून आलाय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मागूर माशाला होणाऱ्या पट्टकृमींपैकी काही असल्या चिखलातल्या किड्यांतूनच जातात. देवळाच्या तळीतून किंवा शेताच्या मेरेवरच्या डबक्यातून गाळून आणलेल्या डाफ्नियात (पाणपिसवांत) सायक्लॉप्स असतोच. मला जिवंत खाद्याची गरज पडते, पिल्लं त्याशिवाय वाढत नाहीत. मी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवते. मोठ्यांना डासांच्या अळ्या द्यायच्या तर त्या परसातल्या बादलीत, नळाच्या पाण्यात, जिथे तळ्याचा थेंबही गेलेला नाही अशा पाण्यात धरलेल्या. नवीन मासा आला की सहा आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळी जाळी, वेगळी नळी. जाळी वापरून झाली की कडक उन्हात वाळवायची.

आता तळं. इथे मला तुमची खरी काळजी वाटते, टाकीपेक्षा जास्त. टाकीचं पाणी आजपासून पाटात सोडणं बंद करा. कटला पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि सायक्लॉप्ससारखे बारीक जीव हेच त्याचं मुख्य अन्न. टाकीतून वाहून गेलेली पिल्लं तळ्यातल्या सायक्लॉप्सने खाल्ली तर पुढची वाट कटल्याच्या तोंडातच जाते. टाकीत औषध घातल्यावरचं पाणी तर खाण्याच्या माशांपासून लांबच हवं. परसात कोरडी, उन्हाची जागा बघा, विहिरीपासून आणि पाटापासून दूर, तिथे ओता. वाळलं की जंताची पिल्लं मरतात. आणि जास्तीच्या गप्प्या विहिरीत किंवा तळ्यात सोडू नका. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे विहिरीत गप्पी सोडतात, त्यामुळे ते पुण्याचं काम वाटतं. या गप्प्या मात्र आजारी आहेत.

तळ्यातल्या माशांना लेव्हामिसोल किंवा दुसरं काही घालू नका, ते तुम्ही खाणार आहात. पुढचा मासा काढाल तेव्हा साफ करताना आतडं फेकण्याआधी ताटलीत उभं चिरून बघा. एखाद-दुसरा जंत दिसला तर घाबरू नका. रानातल्या, नदीतल्या माशात थोडे जंत असतातच. मरळ चिरली की आतड्यात काटेरी डोक्याचे पांढरट कृमी कितीदा तरी दिसतात, आणि मासा धष्टपुष्ट असतो. आतडी गच्च भरलेली निघाली, मासे वाढत नसतील, तर उन्हाळ्यात तळं आटवा. एप्रिल-मे मध्ये तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या, मग चुना मारा. साधारण प्रमाण हेक्टरी २०० ते २५० किलो सांगतात, पण आपली जांभ्याची माती आंबट, तिला बहुधा जास्त लागतो. आधी माती तपासून घ्या. माशांचं बीज सोडताना ते कुठून आलंय ते विचारा.

खाण्याबद्दल: कॅमालॅनस माणसात राहत नाही. आतडी काढून टाकली आणि मासा नीट शिजवला तर खायला हरकत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आम्हीही गोड्या पाण्यातला मासा आवडीने खातो. हुमणात (माशाच्या कालवणात) उकळलेल्या माशाची चिंताच नको. रव्यात तळताना मात्र तुकडा जाड ठेवून आच मोठी करू नका, काट्याजवळचं मांस अर्धं कच्चं राहतं. गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा नुसता लिंबात मुरवून खाऊ नये. नॅथोस्टोमासारखे जंत आशियात त्याच वाटेने माणसांत शिरतात. मांजराला आतडी टाकायची असतील तर तीही उकळून.

मुलीला सांगायचं राहिलं. ज्या गप्पी मादीच्या मागे लाल धागे आहेत ते चिमट्याने ओढू देऊ नका, मी काढले तेव्हा आतडं फाटलं होतं. औषधाने ते आपोआप सुटतील. औषधानंतरही एखादा मासा तळाला आडवा पडून राहिला, श्वास घेण्यापलीकडे काही करत नसेल, तर त्याला दिवसेंदिवस तसं ठेवू नका. पशुवैद्याला विचारून लवंगाच्या तेलाने त्याला शांतपणे झोपवता येतं. पण दोन्ही एंजलच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की ते दाण्याकडे येतात, तोंडात घेतात. जो मासा दाण्याकडे येतो त्याच्यावर मी कधी पाणी सोडलेलं नाही. औषधाचं पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी थोडा उबवलेला आर्टेमिया घाला, चिमूटभर, आणि लांब उभं राहून बघा. थुंकलं तर उरलेलं काढून टाका, संध्याकाळी पुन्हा घाला. माझ्याकडे बहुतेक एंजल तिसऱ्या-चौथ्या दिवशी गिळायला लागतात. विष्ठा तपकिरी झाली की मला कळवा, म्हणजे एकविसाव्या दिवशीच्या डोसची आठवण मीच करेन.